चक्करची गोळी: कधी घ्यायची, कधी थांबवायची आणि जीवनसत्त्वांचं काय करायचं?

डोकं गरगरलं की घरातला कुणीतरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ‘चक्करची गोळी’ आणतो. दोन दिवसांत बरं वाटतं. मग तीच गोळी महिनाभर चालते, कधी वर्षभर. सोबत ताकदीची म्हणून बी-१२ ची, हाडांची म्हणून कॅल्शियमची आणि कुणीतरी सांगितलं म्हणून ड जीवनसत्त्वाचीही सुरू होते. चक्कर मात्र अधूनमधून येतच राहते, कारण क्रम उलटा झालेला असतो. आधी चक्करचा प्रकार ओळखायचा, मग धोका नाही याची खात्री करायची, नंतर थोड्या दिवसांची गोळी आणि सर्वांत शेवटी, रक्ततपासणी झाल्यावरच, पूरक जीवनसत्त्वं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. इथले डोस डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी नीट समजावी म्हणून दिले आहेत. त्यावरून स्वतः औषध सुरू करू नका. गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुलं यांच्या बाबतीत तर एकही गोळी परस्पर नको.

पायरी १: ‘चक्कर’ म्हणजे नेमकं काय होतं ते लिहून काढा

मराठीत आपण चार वेगळ्या गोष्टींना ‘चक्कर’ म्हणतो, आणि निम्म्या चुका इथेच होतात.

- गरगरणं: खोली किंवा आपण स्वतः फिरतोय असं वाटणं. हाच खरा व्हर्टिगो.
- अंधारी येणं: उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे काळोख. हा बहुधा रक्तदाबाचा, रक्ताच्या कमतरतेचा किंवा हृदयाचा प्रश्न असतो.
- तोल जाणं: बसल्यावर ठीक, चालताना मात्र पाय भलतीकडे पडतो. पायांच्या नसा, बी-१२ किंवा मेंदूकडे बघावं लागतं.
- डोकं हलकं वाटणं: उपाशीपोटी, घाबरल्यावर, जागरणानंतर.

‘चक्करची गोळी’ फक्त पहिल्या प्रकारासाठी आहे. उभं राहिल्यावर अंधारी येणाऱ्याने ती घेतली तर गुंगीमुळे पडण्याची शक्यता उलट वाढते.

गरगरणं असेल तर आणखी तीन प्रश्न विचारा: एक झटका किती वेळ टिकतो, कशाने सुरू होतो आणि कानात काही होतं का?

कूस बदलताना, वर माळ्यावरचा डबा काढताना किंवा वाकून चपला घालताना सुरू होऊन मिनिटाच्या आत थांबत असेल, तर आतल्या कानातले सूक्ष्म खडे (पायरी ५ बघा) सरकलेले असण्याची शक्यता सर्वाधिक. वीस मिनिटं ते बारा तास गरगर, सोबत एका कानात दडा, घूं आवाज आणि ऐकू कमी येणं, हे मेनियर या आतल्या कानाच्या आजाराचं लक्षण. पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत कितीही वेळ, सोबत अर्धशिशी किंवा उजेड-आवाज सहन न होणं, तर मायग्रेनची चक्कर. आणि अचानक सुरू होऊन दिवसरात्र न थांबता चालणारी गरगर, उलट्या, पण ऐकू नीट येतंय, तर तोलाच्या नसेला सूज असू शकते. पण स्ट्रोकही अगदी असाच दिसू शकतो, म्हणून ती घरी अंगावर काढायची नाही.

एक गैरसमज इथेच बाजूला ठेवू. ‘मानेचा मणका झिजलाय म्हणून चक्कर’ हे निदान आपल्याकडे सर्रास होतं. चाळिशी-पन्नाशीनंतर मानेच्या एक्स-रेमध्ये झीज बहुतेकांना दिसते, चक्कर असो वा नसो. केवळ त्या एक्स-रेवरून गळ्यात पट्टा बांधून महिनोन्महिने मान आखडून ठेवली, तर मेंदूला तोल पुन्हा शिकण्याची संधीच मिळत नाही.

पायरी २: गोळी तोंडात टाकण्याआधी धोका तपासा

यातलं एकही असेल तर गोळी नको, १०८ वर फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या:

- आधाराशिवाय उभंच राहता न येणं
- बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा किंवा बधिर होणं
- एकाचे दोन दिसणं, गिळताना ठसका लागणं
- अचानक उठलेली, आजवर कधी नव्हती अशी डोकेदुखी किंवा मानदुखी
- छातीत दुखणं, धडधड, शुद्ध हरपणं

मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ‘पित्त झालंय, झोपून बघू’ यात तेच तास निघून जातात. रुग्णाला शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं होतं ती वेळ लक्षात ठेवा; डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

सावधान: गरगरण्यासोबत एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. यावरचं स्टिरॉइड लवकर सुरू झालं तरच त्याचा उपयोग होण्याची शक्यता चांगली असते.

पायरी ३: दोन मापं आणि एक यादी

रक्तदाब दोनदा. पाच मिनिटं आडवं पडून मोजा. मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर गोष्ट कानाची नाही, रक्तदाबाची आहे. फक्त खुर्चीत बसून मोजल्यास हे कधीच कळत नाही.

साखर. मधुमेह असेल तर लगेच बोटावर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. रुग्ण गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका. एकादशीला किंवा नवरात्रात उपास धरून साखरेची गोळी मात्र नेहमीसारखी घेणं, हे अशा चक्करचं ओळखीचं कारण आहे.

चालू औषधांची यादी. रक्तदाबाच्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन, झोपेची गोळी, नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन किंवा गाबापेन्टिन, फिट्सवरची फेनिटॉइन, या सगळ्यांनी चक्कर येऊ शकते. जेन्टामायसिन, अमिकासिन किंवा क्षयरोगातलं स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं आतल्या कानाला कायमची इजा करू शकतात. नवं औषध सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर चक्कर आली असेल तर ती तारीख यादीत लिहा. मात्र रक्तदाबाची किंवा फिट्सची गोळी स्वतःहून बंद करू नका.

पायरी ४: पहिले दोन-तीन दिवस, गोळीचं खरं काम

जोराची गरगर आणि उलट्या आवरणं, एवढंच गोळीचं काम. कारण दूर करणं तिला जमत नाही. मेडिकलमध्ये सहसा यातलं एक मिळतं:

प्रोक्लोरपेराझिन (लोक ‘स्टेमेटिल’ म्हणून ओळखतात). सहसा ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोन ते तीन वेळा. उलटीमुळे पाणीही पोटात राहत नसेल तर तोंडात विरघळणारा प्रकार सोयीचा. दोन-तीन दिवसांपुढे नको. वयस्कर माणसांत यामुळे हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा थिजणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं येतात, आणि ‘वय झालं’ म्हणून ती गोळी आणखी सहा महिने चालू राहते. तरुणांत क्वचित मान वाकडी होते, जबडा आवळतो, डोळे वर फिरतात. असं झालं तर लगेच रुग्णालयात न्या, त्यावर इंजेक्शन आहे. पार्किन्सनच्या रुग्णाला ही गोळी देऊच नका.

सिनारिझिन, किंवा सिनारिझिन २० आणि डायमेनहायड्रिनेट ४० मिलिग्रॅम एकत्र. गरगर आणि मळमळ दोन्ही कमी करते, पण गुंगी आणते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडकत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. दीर्घकाळ घेतल्यास हिच्यानेही पार्किन्सनसारखी लक्षणं येतात.

बीटाहिस्टिन (‘व्हर्टिन’). गुंगी जवळपास नाही, म्हणूनच ही सर्वांत जास्त काळ, विनाकारण घेतली जाते. दिवसभरात एकूण २४ ते ४८ मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत, जेवणासोबत किंवा जेवणानंतर. उपाशीपोटी घेतली की पोटात जळजळते. दमा किंवा पोटात अल्सर असेल तर आधी विचारा. फिओक्रोमोसायटोमा या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीत ती चालत नाही. डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

इथे थांबून तपासा:

- पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव वाचलं का? दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांत दोन ब्रँड, पण आत औषध एकच, हे वारंवार होतं.
- सर्दीची गुंगी आणणारी गोळी, झोपेची गोळी किंवा दारू सोबत नाही ना?
- आज दुचाकी चालवणं, शिडी चढणं, विहिरीच्या काठावर काम करणं टाळलं का?

उलट्या होत असतील तर दर पाच-दहा मिनिटांनी दोन घोट ओआरएस द्या. आलं किंवा सुंठेने मळमळ थोडी हटते, गरगर नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर सुंठेचा मारा नको.

पायरी ५: खडे सरकले असतील तर गोळी नव्हे, एप्ली

आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म खडे एका पडद्यावर चिकटलेले असतात. ते सुटून तोलाच्या अर्धवर्तुळाकार नळीत गेले की मान हलली रे हलली, नळीतलं पाणी ढवळतं आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. कोणतीही गोळी हे खडे जागेवर नेत नाही. मान विशिष्ट क्रमाने फिरवून ते बाहेर घरंगळत न्यावे लागतात; यालाच एप्लीची क्रिया म्हणतात. पहिल्यांदा ही क्रिया कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्या. कुठला कान आणि कुठली नळी हे ते डोळ्यांच्या थरथरीवरून ठरवतात. घरी पुन्हा करायची असेल तर सोबत माणूस हवा.

कुणी घरी करू नये: मानेची शस्त्रक्रिया झालेली, संधिवाताने मान कमकुवत झालेली, मानेच्या रक्तवाहिनीत अडथळा असलेली किंवा डोळ्याचा पडदा सुटलेली माणसं.

उजवा कान असेल तर (डावा असेल तर सगळ्या दिशा उलट):

१. पलंगावर पाय लांब करून बसा. मागे उशी अशी ठेवा की आडवं झाल्यावर ती खांद्यांखाली येईल, डोक्याखाली नाही. मान ४५ अंश उजवीकडे वळवा.

२. मान तशीच ठेवून झटकन मागे झोपा. डोकं किंचित खाली लोंबलेलं हवं. आता गरगरेल, आणि गरगरायलाच हवं. डोळे उघडे ठेवा. गरगर थांबल्यावर आणखी ३० सेकंद थांबा.

३. डोकं न उचलता मान ९० अंश डावीकडे फिरवा. ३० ते ६० सेकंद.

४. अख्खं अंग डाव्या कुशीवर घ्या आणि मान आणखी वळवा, म्हणजे नाक जमिनीकडे तिरकं येईल. ३० ते ६० सेकंद.

५. हनुवटी छातीकडे ठेवून डाव्या बाजूने हळू उठून बसा. दहा मिनिटं उठायचं नाही.

सर्वांत जास्त चुका दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात होतात. उशी डोक्याखाली गेली की मान खाली लोंबत नाही आणि खडे हलत नाहीत. चौथ्या टप्प्यात लोक नाक भिंतीकडे ठेवतात. ते फरशीकडे हवं. तिसरी चूक घाईची: गरगर सुरू झाली की घाबरून उठून बसणं. तेवढ्यानेच खडे पुन्हा मागे जातात.

क्रियेच्या आधी काही तास गुंगीची गोळी घेऊ नका. लक्षणं झाकली गेली की क्रिया बरोबर झाली का ते कळत नाही. उलटीची फारच भीती असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. नंतर रात्रभर बसून झोपण्याची किंवा मान आखडून ठेवण्याची गरज नाही. आडवं पडून दोन्हीकडे कूस बदलताना सारखंच गरगरत असेल तर खडे बहुधा वेगळ्या नळीत आहेत. तिथे एप्लीचा उपयोग नाही, क्रिया वेगळी असते.

पायरी ६: गोळी थांबवा, डोकं हलवा

एका कानाचा तोल बिघडला की मेंदू दुसऱ्या कानाच्या, डोळ्यांच्या आणि पायांच्या भरवशावर नव्याने हिशोब जुळवतो. हे हिशोब जुळवणं हालचालीतूनच होतं. गुंगीची गोळी नेमकं तेच दाबून ठेवते. म्हणून उलट्या थांबल्या आणि धरून चालता येऊ लागलं की गुंगीच्या गोळ्या बंद करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला, आणि डोकं हलवायला सुरुवात करा.

अंगठा हातभर लांब, डोळ्यांसमोर धरा. नजर नखावर खिळवून मान ‘नाही-नाही’ करत डावी-उजवीकडे हलवा; नख स्पष्ट दिसत राहील एवढाच वेग ठेवा. सुरुवातीला ३० सेकंद, मग एक मिनिट, दिवसातून तीन-चार वेळा. नंतर तेच ‘हो-हो’ करत वर-खाली. सुरुवात बसून, जमलं की उभं राहून. थोडी गरगर व्हायलाच हवी, पण १५-२० मिनिटांत ती ओसरली पाहिजे. तासभर टिकली तर वेग कमी करा.

पायरी ७: ज्यांना औषध जास्त दिवस लागतं

मेनियर आणि मायग्रेनची चक्कर यांत झटके कमी करण्यासाठी डॉक्टर औषध महिनोन्महिने देतात. मेनियरमध्ये बीटाहिस्टिन अनेकजण वापरतात. पण जर्मनीत ९ महिने चाललेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती आणि औषध नसलेली गोळी यांत फरक दिसला नाही. तेव्हा तीन महिन्यांनी झटक्यांची नोंदवही पुढे ठेवून ‘चालू ठेवायची का?’ हा प्रश्न नक्की विचारा.

मेनियरमध्ये मीठ कमी करायला सांगतात: सोडियम दिवसाला १५०० ते २००० मिलिग्रॅम, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक सपाट छोटा चमचा मीठ. या पथ्याचा पुरावा भक्कम नाही, तरी बऱ्याच जणांना ते करून बघण्यासारखं असतं. भाजीत मीठ कमी घालून पापड, लोणचं, फरसाण, सुकी मासळी आणि बेकरीचा पाव चालू ठेवला तर काहीच कमी होत नाही. लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या वयस्कर माणसाचं सोडियम मात्र रक्तात तपासूनच पथ्य ठरवा; ते आधीच कमी असू शकतं.

मायग्रेनच्या चक्करवर दिलेली फ्लुनारिझिन रात्री ५ ते १० मिलिग्रॅम असते. वजन वाढणं, उदास वाटणं, हालचाल मंदावणं यांवर घरच्यांनी लक्ष ठेवावं. जेवणाच्या वेळा चुकवू नका. कडक उपास हे अर्धशिशीचं नेहमीचं निमित्त.

पायरी ८: जीवनसत्त्वं, तपासणीनंतरच

हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि मधुमेहाची एचबीए१सी, एवढ्या तपासण्या पुरतात. बी-१२ चं इंजेक्शन घेण्याआधी रक्त द्या. नंतर दिलं तर आकडा फुगलेला येतो आणि कमतरता होती का ते कळत नाही.

ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम. कानातल्या खड्यांच्या चक्करशी यांचा खरा संबंध आहे. दक्षिण कोरियातली, २०२० साली प्रसिद्ध झालेली चाचणी याच प्रश्नावर होती. ज्यांचं ड २० नॅनोग्रॅमच्या खाली होतं त्यांना वर्षभर दिवसातून दोनदा ४०० युनिट ड आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं; पुन्हा पुन्हा चक्कर येण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटलं. लक्षात घ्या, आधी क्रियेने खडे जागेवर नेले होते. गोळ्यांनी फक्त पुन्हा सुटणं कमी झालं.

आपल्याकडे ड मिळतं ते बहुधा ६०,००० युनिटच्या कॅप्सूल किंवा पुडीत. ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते, सहसा आठ आठवडे. चिठ्ठीवरचं ‘आठवड्याला एक’ नीट न वाचता रोज एक घेतली जाते, ही चूक गंभीर आहे. रक्तातलं कॅल्शियम वाढतं: सतत तहान, लघवी, बद्धकोष्ठ, उलट्या, आणि मूत्रपिंडाला इजा. कॅलेंडरवर रविवारभोवती गोल करा आणि घेतली की फुली मारा. मुतखडा झालेल्यांनी कॅल्शियम विचारूनच घ्यावं.

बी-१२. शाकाहारी, मेटफॉर्मिन घेणारे आणि वर्षानुवर्षं पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी घेणारे यांच्यात कमी असतं. खूण अशी: बेसिनपाशी डोळे मिटून तोंडाला साबण लावताना तोल जातो, अंधारात पाय चाचपडत टाकावा लागतो, तळवे बधिर. आकडा २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर उपचार लागतो. इंजेक्शन की गोळी ते डॉक्टर ठरवतील. नुसतं फोलिक ॲसिड घेऊ नका. त्याने रक्त सुधारतं आणि नसांचं नुकसान मागे चालूच राहतं.

बी-६ ची छुपी भर. ‘नसांच्या’ आणि ‘ताकदीच्या’ अनेक गोळ्यांत बी-६ असतं. अशा दोन-तीन एकत्र, वर्षानुवर्षं घेतल्या तर बी-६ नेच पायांच्या नसा बिघडतात आणि तोल आणखी जातो. एकच ठेवा.

लोह. हिमोग्लोबिन कमी असेल तरच. कमी का झालं, पाळीत जास्त जातंय, मूळव्याध आहे की पोटातून, हे शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्या नकोत.

मायग्रेनवाल्यांसाठी रायबोफ्लेविन रोज ४०० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम सुमारे ४०० मिलिग्रॅम, किमान तीन महिने, असं डॉक्टर सुचवतात. पुरावा डोकेदुखीबद्दलचा आहे, चक्करबद्दल थेट नाही. लघवी गडद पिवळी होते, घाबरू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मॅग्नेशियम नको.

जिन्को (एका झाडाच्या पानांचा अर्क). ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिन चालू असेल तर हात लावू नका. रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पायरी ९: दिवसाचं वेळापत्रक

- सकाळी उपाशीपोटी: थायरॉइडची गोळी. लोह आणि कॅल्शियम यानंतर किमान चार तासांनी.
- लोह: लिंबूपाण्यासोबत. आधी-नंतर एक-दोन तास चहा नाही. आपल्याकडची ही सर्वांत चुकणारी अट.
- कॅल्शियम: जेवणासोबत, लोहापासून दोन तास दूर.
- ड जीवनसत्त्व: त्या आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, तेल-तूप असलेल्या जेवणानंतर.

पायरी १०: दवाखान्यात जाताना

घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, बंद केलेल्याही, एका पिशवीत घालून न्या. पायरी १ चा कागद आणि पायरी ३ ची मापं सोबत ठेवा. आणि झटका आला असताना, पायरी २ मधलं काही नसेल तर, कुणालातरी मोबाइलवर डोळ्यांचा जवळून ३० सेकंदांचा व्हिडिओ काढायला सांगा: उजेड चांगला, डोळे उघडे, नजर समोर, मग डावीकडे, मग उजवीकडे. दवाखान्यात पोहोचेपर्यंत चक्कर थांबलेली असते. बुबुळं कुठल्या दिशेला थरथरत होती ते मग त्या व्हिडिओतच दिसतं.